सुमारे

वढवाण्याच्या पाळीवर पहाटे तळं दिसत नाही,
नुसतं ऐकू येतं.
भिजवलेली डाळ कुणी रोवळीत ढवळावी
तसा आवाज, लांबवर, थांबत थांबत.
"भगतडां," जेसंगभाई तडवी म्हणतात.
मी तक्त्यात लिहिते : चांदवा.
एकाच काळ्या पक्ष्याच्या कपाळावरचं पांढरं
त्यांना गंध दिसतं, मला चंद्र.

आमचा ठिय्या क्रमांक चार.
वाकड्या बाभळीपासून पंपाच्या खोलीपर्यंतचं पाणी आमचं.
त्यापलीकडचे मोजायचे नाहीत,
कितीही स्पष्ट दिसले तरी.

बत्तीस वर्षं दांडिया बाजारच्या शाखेत नोटा मोजल्या मी,
स्पंजाच्या वाटीत बोट बुडवून,
ओठ न हलवता.
एकदा संध्याकाळी अकराशे कमी भरले.
साडेनऊपर्यंत त्याच गड्ड्या उलटत राहिले,
मग पगारातून भरले. घरी बोलले नाही.
झोपेत तुझा अंगठा हलतो,
असं आमचे हे म्हणायचे.

धुकं उचलतं. आधी शेकाट्यांचे गुलाबी पाय,
मग जरा वेळाने शेकाटे.
थापट्या चोच पाण्याला लावून
विंचरत जातो, विंचरत येतो.
हळदीकुंकू बदकांची जोडी समोरून सरकते.
दर जानेवारीत हे नाव लिहिताना
पेन्सिल जराशी अडते माझी.
दोन. लिहिले.

टिबुकली बुडते.
इथे बुडते, तिथे निघते, भलतीकडेच.
तीन आहेत, की एकच तीनदा?

दहाचा चौकोन डोळ्यांत धरा,
तो तळ्यावर उचलून उचलून ठेवा,
असं वनखात्याच्या मुलाने शिकवलं होतं.
मला नाही येत. मी एकेक मोजते.
"छसो लखो ने, बेन!"
जेसंगभाई थर्मासचं झाकण फिरवतात.
बालपणापासून याच पाण्यात पाय टाकून बसलेला माणूस,
त्यांना तळं अदमासाने कळतं,
आमटीतलं मीठ कळावं तसं.
मी पाचशे एक्याण्णववर.

आणि पाणकणसांवरून भोवत्या येतो.
पंख थोडे वर धरून,
धोतर भिजू न देता ओढा ओलांडणाऱ्यासारखा.
चांदवे एकमेकांत सरकतात,
मधलं पाणी संपतं,
तळ्यावर काळी सतरंजी आवळत जाते,
आणि फाटते.
पाण्यावरून धावणारे पाय, पाय,
कुणी बाभळीपलीकडे, कुणी पंपापलीकडे,
आमचे त्यांच्यात, त्यांचे आमच्यात.
भोवत्याला काही मिळालं नाही.
मला तर नाहीच.

गव्हाच्या बाजूने तेवढ्यात पट्टकादंब उतरतात.
डोक्यामागे दोन काळ्या रेघा,
खातं बंद करताना बेरजेखाली ओढतो तशा.
एकाच्या गळ्यात हिरवी पट्टी, पट्टीवर आकडे.
दुर्बिणीला हात लागू नये म्हणून श्वास धरते.
सात.
मग एक, किंवा चार.
तिसरा आकडा त्याने हरळीत खुपसला
आणि चरत राहिला.
कुठल्या गारठ्यात कुणी ही मान धरली असेल,
कुठल्या भाषेत शेजारच्याला आकडा सांगितला असेल,
आणि त्याने कागदावर उतरवून घेतला असेल, नीट, पूर्ण.

ऊन चढतं. एक नीलगाय पाण्यापर्यंत येते,
आमच्याकडे बघते, पीत नाही, परत जाते.
तक्त्यात तिला रकाना नाही.
समासात लिहिते.

चांदव्यापुढचा चौकोन अजून रिकामा.
पेन्सिल ओठाला लावून बसते बराच वेळ.
मग लिहिते : सुमारे सहाशे.
माझ्या अक्षरातलं हे 'सुमारे' ओळखीचं वाटत नाही,
कुणी पाहुणा जेवायच्या पाटावर बसलेला जसा.

"हिसाब मळ्यो?" जेसंगभाई चहा पुढे करतात.
ना, म्हणते. नथी मळ्यो.
चहात आलं फार झालंय.
समोर टिबुकली वर येते, कुठून कोण जाणे,
चोचीत मासा आडवा,
तो सरळ करता करता
पुन्हा बुडते.