शेवटचे दोन मैल

फिंटन, तू पर्थहून फोनवर म्हणालास,
भंगारात दे, येतील तेवढे पैसे घे.
मी बरं म्हणाले.
शेडमध्ये गेले, ताडपत्री ओढली,
मागच्या सीटवर कोंबडीनं घातलेली तीन अंडी
ओच्यात घेऊन परत आले.
त्या दिवशी एवढंच झालं.

मॅनसला बोलावलं ते मार्चमध्ये.
बोटींची इंजिनं त्यानं सोडली, गुडघे गेलेत.
बॉनेट उघडून बराच वेळ वाकून राहिला,
मग म्हणाला, पंप जुना बॉशचा आहे,
हा काहीही पचवेल. तुझ्या बापासारखा.

रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, तेल रबराला खातं.
डिकीत दुसरी टाकी, मोडीत निघालेल्या एका ट्रॉलरची,
आणि तिच्या पोटातून तांब्याची नळी,
इंजिनचं गरम पाणी वाहून नेणारी.
म्हणजे हिच्याच तापानं
हिचं अन्न पातळ होणार!
मला ते फार आवडलं, मॅनसला तसं म्हणाले.
तो म्हणाला, तेराचा पाना दे.

तेल लोरेटाकडचं.
शुक्रवारी रात्री शटर पडलं की
मागच्या दाराशी पिंप ठेवलेलं असतं,
काळपट, तळाशी पिठाचा गाळ, हॅडॉकची शेपटी,
एकदा कुणाच्या तरी कानातली रिंग.
पैसे घेत नाही. म्हणते, तुझे बाबा यायचे,
व्हिनेगर नको, मीठ दुप्पट.
डॉक्टरांनी मीठ तोडलं तेव्हा
मीठ नको, बटाटे दुप्पट.

गाळायला घट्ट विणीचं कापड हवं होतं.
मी त्यांच्या कामाच्या जीन्स काढल्या,
पाय खालून शिवून टाकले,
कमरेत दोरी ओवून आढ्याला टांगल्या.
रात्रभर टप, टप.
गुडघ्यांत फुगलेल्या, मांड्यांत भरलेल्या,
जशा कुणी आत उभं आहे
आणि त्याला कुठंच जायचं नाही.
सकाळी शेजारची ब्रीज दारातून डोकावली
आणि छातीवर क्रूस काढून उलट्या पावली गेली.

सुरू डिझेलवर करायची.
काटा ऐंशीला टेकला की बटण खाली,
मग मागे वास, शुक्रवारचा, आठवडाभर.
बंदरावरून जाताना सीगल मागे लागतात.
चढावर एका लॉरीवाल्यानं काच खाली करून
दुकान कुठंय विचारलं.

मे महिन्यात बाबांना वृद्धाश्रमातून फिरायला काढलं.
मला त्यांनी नर्स म्हणून हाक मारली,
सीटबेल्टबद्दल आभार मानले.
घाटात बटण दाबलं.
थोड्या वेळानं नाक वर करून म्हणाले,
लोरेटाला सांग, आज मीठ घाल.
आणि मग, अगदी स्पष्ट,
तिसरा गिअर टाक, ग्रॉन्या, चढ आहे.

एकच पथ्य आहे या गाडीला.
थांबण्याआधी शेवटचे दोन मैल
पुन्हा डिझेलवर आणायची, नळ्या धुऊन निघतात.
नाहीतर तेल आतच थिजतं.
मॅनसनं डॅशबोर्डवर पट्टी चिकटवलीय:
चर्चच्या वळणावर. विसरू नकोस.

मी एकदाच विसरले.
जानेवारीत, लेटरकेनीच्या हॉस्पिटलातून परतताना.
तू विमानात होतास.
मांडीवर त्यांच्या सामानाची पिशवी होती,
चष्मा, वस्तरा, एका पायातला मोजा,
आणि चर्चचं वळण आलं आणि गेलं.
अंगणात किल्ली फिरवून बंद केली
आणि आतच बसून राहिले, किती वेळ कोण जाणे.

सकाळी हूं नाही की चूं नाही.
स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं,
मॅनस सुटाबुटात, काळा टाय खांद्यावर टाकून,
फिल्टरवर केटलीनं उकळतं पाणी ओततोय,
आणि बायका चहाचं सोडून
एकामागून एक केटल्या त्याला नेऊन देतायत.
अकरा वाजता तिनं खोकून घसा साफ केला.

तू टॅक्सीतून उतरलास,
मला मिठी मारलीस, आणि पहिलं काय विचारलंस आठवतं?
चिप्स कोण तळतंय, अशा दिवशी?

भंगारवाल्याचा नंबर फ्रिजवर आहे अजून.
जीन्स धुतल्या नाहीत. धुवायच्या नसतात म्हणे,
जाळी भरत गेली की गाळणं बारीक होतं.