पुढच्या वर्षी पाहू

पंपाचं कोटेशन आलं तेव्हा खजिनदार मीच होतो.
एक लाख ब्याऐंशी हजार, जीएसटी वेगळा.
बँकेत चौतीस वर्षं काढल्यावर
माणसाला तांबडी शाई आवडायला लागते.
मी लिहिलं : पुढच्या वर्षी पाहू.
सही, तारीख. चहा आला.

भांडुपच्या आमच्या सोळा मजल्यांतून
मॉक ड्रिलला अकरा माणसं उतरली,
त्यात चार वॉचमन.
अग्निशमन दलाचा सडपातळ पोरगा सांगत होता,
दार उघडण्याआधी हाताची पालथी बाजू लावा,
तापलं असेल तर उघडू नका,
फटीत ओला टॉवेल कोंबा, खिडकीत उभे राहा, दिसा.
लिफ्ट विसरा.
फुर्टाडो मोबाइलवर स्कोअर बघत होते.
मी वड्यांचे पैसे मोजत होतो.

आणि ती वीट.
अकराव्यावरचं जिन्याचं जाडजूड दार
सारखं आपटायचं, दुपारची झोप मोडायची.
मी काशव्वाला म्हटलं, वीट लाव इथं.
ती म्हणाली, ह्ये बंदच असाया पायजे न्हवं साहेब?
म्हटलं, तू आपला केर काढ.

मंगळवारी, सहा चाळीसला,
चौथ्यावर विजेच्या डक्टमध्ये
फुटाणे फुटल्यासारखं काहीतरी तडतडलं.
मग दिवे गेले.
मग तो वास, जळक्या प्लास्टिकचा, गोडसर,
जो अजून माझ्या कपाटातल्या सफारीत आहे.

दाराला तळहात लावला. मग आठवलं : पालथा.
गार होतं.
बाहेर कारखानीस काकू लिफ्टचं बटण दाबत होत्या,
कुणी दार उघडत नसल्यासारख्या, पुन्हा पुन्हा.

काशव्वा जिन्यातून आली, तोंडाला ओला पदर,
येता येता पायानं वीट उडवली.
दार मागं धाडकन आपटलं.
त्या आवाजाबद्दल मी पहिल्यांदाच काही बोललो नाही.

पल्याडच्या जिन्यानं चला. भित्त धरा. वाका.
नऊ, वळण, नऊ.
नवव्याखाली एक पायरी जास्त हाय,
बिल्डरनं चुकवलीया, तितं समदी पडत्यात.

कोण समदी?
त्या जिन्यानं आमच्यापैकी कुणीच कधी गेलं नव्हतं.
दूधवाला, कुरियरची पोरं, कचरा नेणारे, ती.
लिफ्टमधली पाटी मीच टाइप केली होती.

पहिल्याच वळणावर गुडघ्याला चपलांचं कपाट लागलं.
आमचंच.
मग सांगलीकरांची सायकल, कुणाची तरी तुळस.
काकू मोठ्यानं मोजत होत्या, खोकत, आणि मीही,
जन्मभर आकड्यांत घालवलेला,
काशव्वाच्या मागोमाग
नऊपर्यंत शिकत होतो.
आता धा, ती म्हणाली.
जमीन असायला हवी तिथं
पायाखाली काही नव्हतं.
मग होतं.

आठव्यावरच्या रेफ्यूज एरियात
गणपतीचं मखर, थर्माकोलचे खांब, मोडका सोफा,
आणि हवा.
बावीस माणसं कठड्याला चिकटून ती पीत होती.
काशव्वा पदर सोडून हलवत होती, हितं! हितं!
खाली लाल गाडी अडली होती,
कुणाची तरी नवी कार आडवी.

जवानांनी आमच्या नळाचं चाक फिरवलं.
पाईप दोनदा खोकला.
मग नुसती हवा आली,
पुढच्या वर्षीची.
त्यांनी स्वतःचा होज खांद्यावर घेतला
आणि चार मजले चढले.

कुणी गेलं नाही.
हे वाक्य मी अहवालात दोनदा लिहिलं,
एकदा खोडलं.

पंप मंजूर झाला. एकमतानं, हात वर करून.
काशव्वा सभासद नाही, ती बाहेर पॅसेज पुसत होती.
जाताना विचारलं, अकराव्यापर्यंत एकूण पायऱ्या किती गं?
ती हसली. मोजा की तुमीच.
हिशेब तुमच्याकडंच असतोय.

कागदावर एकशे अठ्ठ्याण्णव होतात.
रोज पहाटे चढतो.
नवव्याखाली अजून ठेच लागते.