सोडून जाण्याचं कारण (ऐच्छिक)

पहाटे पाचला, कॉफीच्याही आधी, मी आकडा बघते.
अकराशे बारा.
काल अकराशे पंधरा होते.
रात्रीतून तिघं उठून गेले,
पंगतीतून न सांगता उठावं तसे.

माझा धंदा सांगायला सोपा आहे:
मधमाश्या पाळणाऱ्यांची वही, संगणकावर.
कुठल्या पेटीत राणी नवी, कुठे कीड लागली,
लिंडन कधी फुलला, मध किती किलो.
महिन्याला नऊ युरो.
बोहिनच्या तळ्यापासून पार हंगेरीच्या शिवेपर्यंत
लोक हातमोजे काढून चिकट बोटांनी लिहितात.
त्या नऊ-नऊ युरोंतून छप्पर झालं,
येर्नेयचे दात सरळ झाले,
आणि दोन पगार निघतात: एक माझा, एक तादेयचा,
जो सर्व्हर सांभाळतो आणि मधाला शिवत नाही.

गेल्या पानगळीत ल्युब्लियानाहून सल्लागार आला,
चकचकीत बूट, शेणातून जपून पावलं टाकत.
म्हणाला, बाई, तुमचं 'बंद करा' फार उघड्यावर आहे.
ते करडं करा. तीन पानं आत ढकला.
आधी विचारा, नक्की?
मग विचारा, खरंच?
मग एका रडवेल्या मधमाशीचं चित्र.
मी केलं. खोटं कशाला बोलू.
हिवाळ्यात गळती निम्म्यावर आली
आणि मी गाडीला नवे टायर घातले.

फेब्रुवारीत पत्र आलं, कागदाचं, तिकीट लावलेलं.
फ्रांचिश्का ह्लादनिक. वय लिहिलं नव्हतं,
अक्षरावरून ऐंशी.
"तुमच्या घराला आत यायचं दार आहे.
बाहेर जायचं, दोन संध्याकाळी शोधलं, सापडलं नाही.
आमचे यजमान नोव्हेंबरात वारले.
त्यांच्या आठ पेट्या होत्या. सहा वारल्या."

आमच्या भाषेत हे असंच आहे.
गाय मरते, कुत्रं मरतं,
माणूस आणि मधमाशी तेवढी वारते.

पत्राच्या तळाशी:
"पैसे थांबवा. पण त्यांनी लिहिलेलं पुसू नका.
सात नंबरच्या पेटीखाली एकदा लिहिलंय,
आज चावल्या नाहीत, मी गात होतो.
मला माहीत नव्हतं ते गातात."

तीन महिन्यांचे सत्तावीस युरो परत केले.
बटण पुढच्या पानावर आणलं,
दाराच्या कडीएवढं, साधं.
तादेय म्हणाला, पोत्याला भोक पाडलंस.
पाडलं. मार्चात एक्केचाळीस गेले.
जाताना भरायला एक चौकट ठेवली आहे,
त्यात लोक लिहितात:

महाग आहे.
अस्वल आलं.
मुलगा म्हणतो वहीच बरी.
गुडघे.
कुणी नुसतंच एक टिंब.
तुम्ही चांगल्या आहात, मीच कंटाळलोय.

प्रत्येकाला दोन ओळी लिहिते. थांबा म्हणत नाही.
अस्वलवाल्याला विजेच्या कुंपणाचा पत्ता दिला,
तो महिन्याभराने परतला.
गुडघे परतत नाहीत.
थवा उडाला की माझे आजोबा
पातेलं बडवत मागे धावायचे.
थवा त्याला हवं तिथेच बसायचा.
पातेल्याला पोचे.

मे महिन्यात, बंद झालेल्या एका खात्यात
(तादेय कुलूप लावायला विसरला होता)
सात नंबरच्या पेटीखाली नवी ओळ:
"दोन जिवंत. मला गाता येत नाही. रेडिओ लावला."

दिवसभर ते पान मिटवलं नाही.
संध्याकाळी हिशेबाला बसले. छप्पर, दात, तादेय.
मग तिला लिहिलं:
जुनं वाचायला काही पडत नाही, कधीच पडणार नाही.
नवं लिहायचं तर नऊ युरो.

दहा मिनिटांत उत्तर आलं.
"दोन पेट्यांना नऊ? पाच द्यीन."

सातवर ठरलं.