मागचं डावं चाक

सोमवारी मोदेनात धुकं इतकं
की कारखान्याचं फाटक आवाजावरूनच ओळखायचं.

एल्वेझिओ आत आला. टोपी काढली नाही.
काल चाक बसायला सहा सेकंद लागले;
अख्ख्या जगाने त्याची पाठ पाहिली.

नटाचे आटे घसरतात, हे मी फेब्रुवारीतच लिहिलं होतं.
वरून उत्तर आलं : चाळीस ग्रॅम वाचतात.

आता अहवालही मीच लिहायचा.
साहेब खुर्चीमागे उभे. बोलत नाहीत,
नुसता घड्याळाचा पट्टा सैल करतात, आवळतात.

मी टाइप केलं : मानवी चूक.
खोटं नाही तसं.
कोणाची, ते लिहायला रकाना नव्हता.

दुपारी कॅन्टीनमध्ये त्याने
मिठाची डबी माझ्याकडे सरकवली.
डाव्या हाताने. उजवा अजून खिशातच.