वहीतला आकडा

बापाच्या वहीला अजून डिझेलचा वास येतो.
पहिल्या पानावर, पेन्सिलीनं दोनदा गिरवलेलं:
अठ्ठावीस अंश, एक्केचाळीस मिनिटं उत्तर.
बाजूला एकच शब्द, कंदील.

कंदील म्हणजे तेलाचा फलाट,
डुलाकच्या धक्क्यापासून साडेतीन तास.
तेल आटलं तेव्हा मी शाळेत होते.
मासे आटले नाहीत.
लोखंडी पायांना कालवं धरली, कालवांना शेवाळ,
शेवाळाला बारकी मासळी, तिच्या मागं तांबोशी,
आणि तांबोशीच्या मागं आम्ही.
माझ्या दातांची तार, आईचा चष्मा, बोटीचं दुसरं इंजिन,
सगळं त्या खांबांखालून वर आलं.

मग पत्र आलं: समुद्र पूर्ववत करण्यात येईल.
पूर्ववत म्हणजे कधीसारखा, ते लिहिलं नव्हतं.

खियेम त्रान खूश होता.
कोळंबीची जाळी दोनदा फाटली होती त्याची तिथं,
एकदा तर बोटच कलली, धाकटा पोरगा पाण्यात.
"तुझी तिजोरी, माझा खिळा," म्हणाला,
माझ्या पेटीत बर्फ ओतता ओतता.
भांडायचं होतं मला. जमलं नाही.

भाऊ अल्सीद कापणाऱ्या बार्जवर लागला,
तासाला अठ्ठावीस डॉलर, जेवण वेगळं.
स्फोटाचा दिवस त्यानंच सांगितला,
वर म्हणाला, येऊ नकोस.
मी गेले. हद्दीबाहेर इंजिन बंद करून थांबले.

आवाज असा झालाच नाही.
बोटीच्या तळावर कुणी खालून एकदा टकटक केलं.
पाणी फुगलं, बसलं,
आणि प्रवाहाबरोबर तांबोश्या येऊ लागल्या,
पोटं वर, तोंडातून फुगे बाहेर.
मोजायला आणलेला सरकारी मुलगा
चारशेनंतर नुसताच बघत राहिला.
एकही उचलायची नाही, असा नियम.
कुरव पक्ष्यांना तो कुणी वाचून दाखवला नव्हता.

आता तिथं पाणी सपाट आहे.
खियेमला हवं होतं तसं, खिळा नसलेलं.
पण बाहेरून गोठून येणारी कोळंबी इतकी स्वस्त
की डिझेलही सुटत नाही; त्याची बोट
धक्क्यालाच, जाळी वाळत पडलेली.

तरी मी आकडा लावून जाते.
गळ सोडते. सतरा वाव दोर जातो
आणि वाटेत कशालाच घासत नाही.
रेडिओवर खियेम विचारतो, लागतंय का काही?
तळ, मी म्हणते.
तळ लागतोय.