पाणी पिकायला घातलंय

सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये एकोणीस वर्षं
मी रंगच बघत आलो.
दोन नंबर, तीन नंबर, देठाशी हिरवा राहिलेला पाच नंबर.
बोट न लावता सांगतो, माल कधी उतरवायचा.

आता घरी, टीव्हीच्या जागी, साठ लिटरची काच.
आत रेती, दोन दगड, फिल्टरची गुरगुर.
मासा एकही नाही.
काशिनाथ झोपे दारातूनच विचारतो,
"काय भाऊ, नुसतं पानीच पाहू राह्यला का?"
हो म्हणतो.

मागच्या पोळ्याला भुसावळहून सहा आणले होते,
पिशवीतून थेट पाण्यात.
पाणी आरशासारखं.
चौथ्या सकाळी शेवटचा वर आला,
कल्ले लालबुंद, तोंड उघडं.
दुर्वानं मला काही विचारलं नाही.
स्वच्छ वेगळं, तयार वेगळं,
हे रोज कच्चे घड हाताळणाऱ्याला कळू नये?

म्हणून यंदा आधी विष.
जळगावच्या दुकानात बाटली हलवून पाहिली,
फेस धरला नाही, तीच घेतली.
झाकण काढताच बर्फाच्या कारखान्याचा वास
नाकातून सरळ डोळ्यांत.
चोवीस थेंब. मोजून.
फैजपूरच्या नेहेतेंनी त्यांच्या जुन्या टाकीतला स्पंज
पिळून दिला, कपभर मळकट पाणी.
"विरजण समज," म्हणाले,
"आणि सारखं झाकण काढून बघू नको."

मी बघतोच.
रोज संध्याकाळी नळीत पाच मिली.
हिरवं. हिरवं. अकरा दिवस हिरवं,
कांदेबागेच्या कोवळ्या पानासारखं.
बाराव्या दिवशी लोभ सुटला, दुप्पट ओतले,
सगळं ठप्प.
अर्धं पाणी उपसून परसातल्या केळीला घातलं.
तिची काही तक्रार नव्हती.

मग एके दिवशी दुसरी नळी जांभळी.
एक विष खाऊन दुसरं विष टाकणारं
कुणीतरी राहायला आलं होतं.

परवा रात्री एकला वीज गेली.
फिल्टर थांबला तशी घरभर शांतता झाली, आणि मी उठलो.
तांब्यानं पाणी उचलायचं, उंचावरून सोडायचं,
हवा मिळावी म्हणून.
उकाड्यानं दुर्वा जागी झाली.
"कुणासाठी?"
दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.
तिनं स्वयंपाकघरातून दुसरा तांब्या आणला.
सव्वाचारला पंखा फिरला तेव्हा
ती फरशीवरच झोपली होती, बाह्या ओल्या.

आज नळी पिवळी.
सहा नंबर, डाग नाही.
चोवीस तासांत चोवीस थेंब गायब,
दुसरी नळीही आभाळी निळी.
काशिनाथ म्हणतो, चल, गाडी काढतो, भुसावळ गाठू.

नको.
चेंबरचं दार मी एकदाच
एक रात्र आधी उघडलं होतं.
त्या मालाचं काय झालं, ते मालकाला विचार.

पुन्हा चोवीस टाकलेत.
उद्या दुर्वा शाळेतून आली की
तीच बघेल रंग.