तळाचा बटाटा

साखरशंकू रात्री भरायचा, पोर झोपल्यावर.
दिवसा भरताना कुणी पाहिलं
तर शाळेच्या तळघरातलं झाड वाळतं म्हणे.
हो, शंकू झाडालाच लागतात.
फ्रायबर्गमधल्या कुठल्याही सहा वर्षांच्या पोराला विचारा.

पुठ्ठा मीच वळवला, पंच्याऐंशी सेंटिमीटरचा.
निळ्यावर पिवळी क्रेन, कारण योन्टेला क्रेनचं वेड.
हूक जरा वाकडा चिकटला,
क्रेन ढगच उचलतेय असं दिसतं.
असू दे.

खडू, खोडरबर, टॉर्च, पेपरमिंटच्या गोळ्या,
आणि त्याच्या बापानं लाइपझिगहून धाडलेलं घड्याळ.
सोबत चिठ्ठी:
"तो बटाटा मात्र नको, प्लीज. लोक हसतात."

बटाटा.
तो सगळ्यांच्या आधी जातो, पार टोकात,
जिथं दुसरं काहीच मावत नाही.

माझे वडील सेहेचाळीस साली शाळेत गेले.
त्यांच्या शंकूत वर्तमानपत्राचे बोळे, त्यांच्यावर बटाटे,
आणि वर, चारचौघांना दिसाव्यात म्हणून,
बिटाच्या पाकाच्या तीन गोळ्या.
"बाकीच्यांचे शंकू नुसते कागदाचे," ते सांगायचे,
"वाऱ्यानं हलत होते.
माझा जड. मी काय ऐटीत होतो!"
रात्री त्यांच्या आईनं तेच बटाटे उकडले.
चौघांनी सालासकट खाल्ले.
घरात माणसं पाच होती.

सत्त्याऐंशीत माझी पाळी.
शेजारच्या केर्स्टिनच्या शंकूत हानोवरच्या मावशीचं चॉकलेट,
चांदीच्या कागदातलं.
माझ्या हाताला लागला बटाटा.
मी भोकाड पसरलं आणि तो
फुलांच्या ताटव्यात भिरकावून दिला.
वडील उठले. बटाटा शोधला. बाहीला पुसला.
खिशात टाकला.
एक शब्द नाही.
त्या रात्री सूप होतं. मी दोनदा मागून घेतलं,
हे आज पहिल्यांदाच सांगतेय.

मार्चमध्ये ते गेले.

आणि आता रात्रीचे अकरा, तळघरात मी,
बटाट्यांच्या खोक्यासमोर टॉर्च घेऊन
(तोच, शंकूतला),
आणि मला निवडता येत नाहीये.
हे काम नेहमी त्यांचं.
मुठीत मावेल असा घ्यावा, म्हणायचे,
धुऊ नये,
आणि कमी डोळ्यांचा असावा:
शाळेत पोरावर रोखलेले डोळे काय कमी असतात?
मी एक उचलते. ठेवते. दुसरा उचलते.
परीक्षेला बसल्यासारखी.

शनिवार. शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या मुलांचं नाटुकलं,
त्यातला कोल्हा आपलं वाक्य विसरला.
मग नावं पुकारली. योन्टे चढला,
शंकू त्याच्याहून थोडाच बुटका,
आणि एक हात सारखा पँटच्या खिशावर.
शू लागली असेल, मला वाटलं.

घरी अंगणात सगळे भोवती.
घड्याळ बाजूला. गोळ्या बाजूला. खडू गवतात.
खांद्यापर्यंत हात गेला, मग डोकंच आत गेलं,
आणि शंकूतून घुमून आवाज आला:
"आहे! आहे!"

बाहेर आला तो नाकावर माती घेऊन.
तुला कुणी सांगितलं रे?
"आजोबांनी. हॉस्पिटलमध्ये.
म्हणाले, आईची यंदा गडबड असेल.
ती विसरलीच, तर रडायचं नाही.
आपला आपण न्यायचा,
आणि तळाशी होता म्हणून सांगायचं."

मग खिशात हात घालून
त्यानं दुसरा बटाटा काढला.
दोन तास त्याच्याबरोबर हॉलमध्ये बसलेला,
कोमट, सुरकुतलेला,
त्याला डोळेच डोळे.